वीज गेल्यानंतरचे तास

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बेळगावात राहणाऱ्या माझ्या परिचयाच्या एक बाई घरी बसून भाषांतराचे काम करतात. मोबदला तासावर ठरलेला, आणि तास मोजण्यासाठी काम देणाऱ्या संस्थेने त्यांना एक सॉफ्टवेअर दिलेले. कामाला बसताना पडद्यावरचे बटण दाबायचे, उठताना पुन्हा तेच दाबायचे; मधला वेळ आपोआप नोंदला जातो. एका शुक्रवारी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी त्यांनी बटण दाबले. ६ वाजून ४० मिनिटांनी वीज गेली आणि संगणक डोळ्यांदेखत मिटला. वीज आली ती रात्री उशिरा. शनिवार-रविवार घरात पाहुणे होते. सोमवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी त्यांनी संगणक सुरू केला, तेव्हा त्या सॉफ्टवेअरने अगदी शांतपणे सांगितले, की आपले काम चालू असून त्याला ६५ तास झाले आहेत.

बाईंनी घाबरून थांबवण्याचे बटण दाबले, आणि ६५ तासांची नोंद संस्थेकडे रवाना झाली. तेथील हिशेबनिसाने ती संशयास्पद ठरवून संपूर्ण नाकारली. म्हणजे खरोखर केलेले अडीच तासही गेले. ते गेल्याचे दुःख त्यांना फारसे नव्हते. परंतु ज्या बाईंनी वीस-पंचवीस वर्षे शब्दाला शब्द जुळवण्यात प्रामाणिकपणे घालवली, त्यांना आपण खोटे तास लावलेले नाहीत हे एका अनोळखी माणसाला पत्राने पटवून द्यावे लागले, याचा सल मात्र त्यांच्या मनात राहिला.

श्रोतेहो, दोष बाईंचा नव्हता. विजेचा तर नव्हताच. ते सॉफ्टवेअर ज्यांनी रचले, त्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. यंत्र बंद पडले त्या क्षणी जे काम 'चालू' म्हणून नोंदलेले होते, त्याचे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर काय करायचे? आज घरोघरी तासाच्या बोलीवर काम करणारी माणसे वाढत आहेत. भाषांतरकार आहेत, हिशेब लिहिणारे आहेत, नकाशे काढणारे आहेत. त्यांच्या मजुरीचा हिशेब ज्या उत्तरावर अवलंबून आहे, ते उत्तर आपणही थोडे समजून घ्यायला हवे.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते, की असे सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यामागे टिकटिकणारे एक घड्याळ. वस्तुतः तसे काही नसते. बटण दाबले त्या क्षणी ते फक्त एक ओळ लिहून ठेवते: अमुक काम, आरंभ ४ वाजून १० मिनिटे. शेवटाची जागा रिकामी. पडद्यावर सरकत जाणारा आकडा ही निव्वळ वजाबाकी असते. आत्ताच्या वेळेतून आरंभाची वेळ वजा केली, की 'झालेला वेळ' निघतो. टाइमवॉरियर नावाचे एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे. त्याच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चालू कामाची ओळ अशीच आरंभापाशी थांबलेली असते. आता वजाबाकीला विजेची गरज नसते. संगणक तीन दिवस मिटलेला असो की तीन आठवडे, तो उघडला की वजाबाकी पुन्हा होते आणि मधला सगळा काळ कामाच्या खाती जमा होतो.

याच्या उलट स्वभावाचीही सॉफ्टवेअरे असतात. ती झालेला वेळ संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत साठवीत जातात आणि थांबवण्याचे बटण दाबल्यावरच काय ती नोंद करतात. तेथे वीज गेली, की अडीच तास गेले. त्यांचा मागमूसही राहत नाही. पहिला प्रकार न केलेल्या कामाचे पैसे मागतो, दुसरा केलेल्या कामाचे पैसे बुडवतो. आणि दोघेही हे इतक्या ठामपणे करतात, की पाहणाऱ्याला शंका यायला जागाच उरत नाही.

हा पेच संगणकाने आणलेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावच्या विलर्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास हजेरीचे घड्याळ काढले. प्रत्येक कामगाराला त्याच्या क्रमांकाची किल्ली. ती घड्याळात घालून फिरवली, की कागदाच्या पट्टीवर क्रमांक आणि वेळ उमटे. हा धंदा पुढे विलीनीकरणातून १९११ साली स्थापन झालेल्या एका कंपनीत सामावला, आणि त्या कंपनीने १९२४ मध्ये आयबीएम हे नाव घेतले. म्हणजे संगणकाच्या घराण्यात हजेरीचे घड्याळ हे पूर्वजांपैकीच एक. आपल्याकडे इंदूर, बडोदे, सोलापूर येथील गिरण्यांचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना टाइमकीपर आणि त्याचे मस्टर आठवत असेल. एखाद्याची येण्याची वेळ लागलेली आहे पण जाण्याची लागलेली नाही, असे दिसले तर तो रात्रभर साच्यापाशीच उभा होता असे कोणी धरीत नसे. तो आलाच नव्हता असेही कोणी म्हणत नसे. जॉबरला विचारायचे, शेजारच्या साच्यावरच्या माणसाला विचारायचे आणि मग हाताने वेळ लिहून तिच्यापुढे सही करायची, हा शहाणपणाचा मार्ग होता. रिकामी जागा ही रिकामी आहे, एवढे तरी त्या टाइमकीपरला ओळखता येत होते.

सॉफ्टवेअरला हे शहाणपण कसे शिकवायचे? त्यासाठी आधी यंत्र बंद होण्याचे प्रकार पाहू.

आपण रीतसर 'शटडाउन' म्हणतो, तेव्हा संगणकाची मूळ प्रणाली चालू असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला सूचना देते, की आता आवरा. विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, ही सूचना मिळते; आणि आवरायला थोडा अवधीही मिळतो. विंडोजवर हा अवधी अवघ्या काही सेकंदांचा असतो, तर आज बहुतेक लिनक्स प्रणाल्यांत एखाद्या सेवेला थांबायला सामान्यतः ९० सेकंद दिले जातात. एक ओळ लिहायला एवढा वेळ पुष्कळ झाला. या सूचनेवरून सॉफ्टवेअरने 'यंत्र ६ वाजून ४० मिनिटांनी बंद झाले' अशी नोंद करावी, हे उघड आहे. तरीही अनेक सॉफ्टवेअरे ती करीत नाहीत, कारण रचणाऱ्याच्या मनात बटण दाबणे हाच शेवट असतो.

झोपेचा प्रकार याहून फसवा. लॅपटॉपचे झाकण मिटले, की यंत्र बंद होत नाही, पेंगते. लिनक्समध्ये कालमापनाची जी अंतर्गत घड्याळे आहेत, त्यांपैकी एक या झोपेत थांबते, आणि २०११ मध्ये आणखी एक घालण्यात आले ते झोपेतही चालते. रचणाऱ्याने यांतले कोणते घेतले यावर दुपारची वामकुक्षी कामात धरली जाणार की नाही, हे ठरते! आणि यंत्र पूर्ण बंद होऊन उघडले, की ही दोन्ही घड्याळे शून्यापासून सुरू होतात. तेथे त्यांचा काही उपयोग नाही. भिंतीवरच्या घड्याळासारखे, तारीख-वार सांगणारे घड्याळच पाहावे लागते.

राहिली ती वीज जाणे. येथे सूचना नाही, अवधी नाही, निरोप नाही. सॉफ्टवेअरला आपला मृत्यू कळतच नाही. मग जी गोष्ट मरतेवेळी सांगता येत नाही, ती जिवंतपणी अधूनमधून सांगून ठेवणे, एवढाच उपाय उरतो.

लग्नात घंगाळात ठेवलेले घटिकापात्र आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली, की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. घटका भरली, की जवळ बसलेला माणूस टोला देई. समजा, पाच टोले पडल्यावर त्या माणसाचा डोळा लागला. पुढे किती वेळ गेला हे कोणालाच ठाऊक नाही. परंतु पाचव्या टोल्यापर्यंत तो जागा होता, हे गावभर ऐकलेले आहे. तो पाचव्या टोल्यानंतर लगेच झोपला असेल किंवा सहावा देण्याच्या क्षणभर आधी. म्हणजे जागेपणाच्या हिशेबात चूक होईल ती फार तर एका घटकेची. संगणकात हेच करतात. सॉफ्टवेअर दर मिनिटाला एक बारीकशी खूण तबकडीवर लिहून ठेवते: मी आहे, काम चालू आहे, आता इतके वाजले आहेत. इंग्रजीत या खुणेला हृदयाचा ठोका म्हणतात. वीज गेली, की शेवटचा ठोका ६ वाजून ३९ किंवा ४० मिनिटांचा सापडतो, आणि चूक एका मिनिटाच्या आत राहते. अॅक्टिव्हिटीवॉच नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरची सगळी रचनाच अशा ठोक्यांवर उभी आहे. एकाच कामाचे लागोपाठचे ठोके ठरावीक अंतराच्या आत पडले तर ते एका नोंदीत जोडले जातात, आणि अंतर वाढले की नोंद तुटते.

येथे एक बारकावा आहे आणि त्यात चांगले चांगले लोक फसतात. सॉफ्टवेअरने 'लिही' म्हटले म्हणजे ते लगेच डिस्कवर उतरते, असे नाही. मूळ प्रणाली असे मजकूर काही वेळ स्मृतीत अडवून ठेवते आणि मग एकदम उतरवते. नेहमीच्या मांडणीत लिनक्समध्ये ही दिरंगाई सुमारे ३० सेकंद चालू शकते. तेव्हा ठोका देताना 'आत्ताच्या आत्ता उतरव' असा आग्रह स्वतंत्रपणे धरावा लागतो. शिवाय जुन्या फाइलवरच नवे लिहीत असताना वीज गेली, तर निम्मे जुने आणि निम्मे नवे असा भुसकट मजकूर मागे राहतो. म्हणून शहाणे लोक नवी फाइल पूर्ण लिहून मगच जुनीच्या जागी ठेवतात, किंवा एसक्यूलाइटसारख्या नोंदसंचाचा आश्रय घेतात. तेथे एखादी नोंद एक तर पूर्ण होते, नाही तर मुळीच होत नाही.

आता समजा, हे सगळे नीट केले. सोमवारी सकाळी सॉफ्टवेअर जागे झाले आणि त्याला तीन गोष्टी कळल्या: आरंभ शुक्रवारी ४ वाजून १० मिनिटे, शेवटचा ठोका ६ वाजून ४० मिनिटे, आणि आता सोमवारचे ९ वाजून १० मिनिटे. मधले ६२ तास ३० मिनिटे अज्ञात. त्याने काय करावे?

पुष्कळांना वाटेल, की शेवटच्या ठोक्यापाशी नोंद बंद करून टाकावी, प्रश्न मिटला. बाईंच्या बाबतीत तो मिटलाही असता. परंतु यंत्र थांबले म्हणजे काम थांबले, हे खरे नाही. वीज गेल्यावर एखादा मनुष्य कंदिलाच्या नव्हे तरी मोबाइलच्या उजेडात छापील प्रत तपासत बसतो. कोणी उठून फोनवर अशिलाशी अर्धा तास बोलतो. एखाद्या सर्वेक्षकाचा लॅपटॉप गाडीत मिटलेला असतो आणि तो स्वतः शेतात साखळी ओढीत असतो. यंत्राला ठाऊक आहे ते यंत्राचे, माणसाचे नाही. टॉगलसारख्या सेवांमध्ये चालू कामाची नोंद दूरच्या सर्व्हरवर असते. घरचा संगणक मिटला तरी ती चालूच राहते, आणि मोबाइलवरून थांबवताही येते. तेथे हे योग्यच आहे, कारण तेथे कामाचा आणि एका विशिष्ट यंत्राचा संबंध मुळातच सोडवलेला असतो. अर्थात् तेथेही विसरलेल्या बटणाचा धोका आहेच.

म्हणून माझ्या मते सॉफ्टवेअरने शेवटच्या ठोक्यापर्यंतचा वेळ निश्चित म्हणून राखावा, पुढचा काळ अनिश्चित म्हणून वेगळा काढावा, आणि त्याविषयी माणसाला विचारावे. विचारण्याचा एक चांगला नमुना आपल्यापुढे आहे. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली सुरू केलेल्या ऑर्ग-मोड या टिपणवहीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कामाचे घड्याळ असे उघडे राहिलेले आढळले, की ते परस्पर निर्णय घेत नाही. यातली किती मिनिटे राखू, किती वजा करू, की ही नोंदच रद्द करू, असे ते विचारते. ज्यांना तेच काम पुढे चालू ठेवायचे असेल, त्यांना तशी सोयही आधी सांगून ठेवता येते. मूळ मुद्दा असा, की उत्तर देणारा माणूस आहे आणि यंत्र त्याला विचारण्याइतके नम्र आहे.

मात्र विचारण्याचाही अतिरेक होतो. प्रणालीची दुरुस्ती बसवण्यासाठी संगणक बंद होऊन तीन मिनिटांनी पुन्हा उघडला, तर तेवढ्यासाठी चार प्रश्न विचारणारे सॉफ्टवेअर लोक आठवड्याभरात काढून टाकतील. अशा लहानशा खंडावर, समजा पाच मिनिटांच्या आतल्या, सॉफ्टवेअरने काम जोडून घ्यायला हरकत नाही. पण नोंदीत तेथे सांधा दिसला पाहिजे. ती मर्यादा किती असावी, हेही वापरणाऱ्याच्या हाती असावे. आणि उत्तर द्यायला सवड नसेल तर 'नंतर सांगतो' असे म्हणता यावे. मात्र तोपर्यंत तो अनिश्चित काळ बिलात जाऊ नये. बाईंच्या प्रकरणात खरा घात झाला तो येथेच: त्यांना विचारले गेले नाही, आणि त्यांनी बटण दाबताच नोंद थेट दुसऱ्याच्या हाती पडली.

एक अडचण आणखी आहे. आपण धरून चाललो, की सोमवारी ९ वाजून १० मिनिटे झाली हे तरी खरे आहे. पण घड्याळच बिघडले असेल तर? भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका सर्वश्रुत आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली त्या ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले, त्यात ती येते. मुलीच्या लग्नघटकेसाठी पात्र पाण्यावर सोडलेले होते; तिच्या अलंकारातील एक मोती नकळत त्यात पडला, छिद्र बुजले, वाटी बुडेचना, आणि मुहूर्त टळून गेला. गोष्ट खरी की कल्पित, हा वाद बाजूला ठेवू. मंडळी घड्याळाकडेच पाहत होती आणि म्हणूनच फसली, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. संगणकात वीज नसतानाही वेळ चालू ठेवणारे एक लहानसे घड्याळ असते, आणि पुष्कळदा ते नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती बॅटरी संपली, की जुना संगणक उघडताच एखादी जुनीच तारीख दाखवतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकांच्या २०२३ पूर्वीच्या मुख्य नमुन्यांत तर असे घड्याळच नव्हते. इंटरनेट जोडले गेले, की १९८५ पासून प्रचारात असलेल्या एनटीपी या पद्धतीने वेळ सुधारली जाते. पण उघडणे आणि सुधारणे यांच्या मधल्या काळात वजाबाकी केली, तर झालेला वेळ शून्याच्याही खाली जातो. तेव्हा सॉफ्टवेअरने वजाबाकीपूर्वी पाहावे, की आत्ताची वेळ शेवटच्या ठोक्याच्या मागे तर नाही? असेल, तर गप्प राहून घड्याळ सुधारण्याची वाट पाहावी.

वेळ साठवावी ती जागतिक प्रमाणवेळेत, आणि दाखवावी ती स्थानिक. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारा 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालू होता, हे आठवले म्हणजे एका गावात दोन वेळा नांदल्या की हिशेबाचे काय होत असेल, याची कल्पना येते. आज बेळगावात बसून अमेरिकेचे काम करणाऱ्याच्या वाट्याला तो प्रकार वर्षातून दोनदा येतो, कारण तेथील बहुतेक भागांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे आणि पुन्हा मागे करतात.

हे सारे केल्यावरही माणसाने दिलेले उत्तर आणि यंत्राने पाहिलेली गोष्ट यांची सरमिसळ होता कामा नये. कीर्दीत चुकलेला आकडा आपण खरवडून काढीत नाही. आडवी रेघ मारतो, वर नवा आकडा लिहितो आणि बाजूला सही करतो. जुना आकडा वाचता आला पाहिजे. नोंदीतही 'यंत्राने पाहिले ६ वाजून ४० पर्यंत. कामगाराने सांगितले ७ वाजून १५ पर्यंत, कारण छापील प्रत तपासली' असे दोन्ही राहावे. यात कामगारावर अविश्वास नाही. उलट त्याच्या शब्दाला नोंदीत जागा मिळते. युरोपीय महासंघाच्या लक्झेंबुर्ग येथील न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी असा निर्णय दिला, की रोजच्या कामाचे तास मोजण्याची वस्तुनिष्ठ, विश्वसनीय आणि सहज पाहता येण्याजोगी व्यवस्था मालकांनी उभारावी, अशी तरतूद महासंघातील राष्ट्रांनी केली पाहिजे. यातला 'सहज पाहता येण्याजोगी' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. बाईंना आपल्या नोंदीत वीज कधी गेली हे दाखवताच आले नाही, कारण सॉफ्टवेअरने ते कोठे लिहिलेच नव्हते.

त्यांनी अखेर काय केले, हेही सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी वीज किती वाजता गेली, याची खातरजमा त्यांनी वीज मंडळींच्या कार्यालयातून आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडून करून घेतली. भाषांतराची फाइल शेवटची कधी साठवली गेली होती ती वेळ पाहिली, तर ती ६ वाजून ३६ मिनिटांची निघाली. हे सगळे त्यांनी कागदावर मांडून पाठवले. महिन्याभराने अडीच तास मंजूर झाले. आता त्या टेबलावर एक वही ठेवतात, आणि दर अर्ध्या तासाने तिच्यात पेन्सिलीने वेळ टिपतात.